संत्र्याच्या रसाचं किण्वन अर्ध्यावर का थांबतं? नागपूरच्या उन्हाळ्यातली तपासणी आणि उपाय

मृग बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात आली की नागपुरातल्या मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळांतून दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. रसात यीस्ट घातलं, पहिल्या दिवशी जोरात फेस आला, दुसऱ्या दिवशी बुडबुडे चालू होते आणि तिसऱ्या दिवशी सगळं गप्प. साखर मोजली तर निम्मी शिल्लक. मग कोणीतरी पाकिटातलं आणखी चमचाभर यीस्ट वरून भुरभुरतं आणि तेही मरतं.

आमचं म्हणणं इतकंच की किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेची दारू करणं, थांबलं तर आधी कारण शोधा, यीस्ट नंतर घाला. ज्या कारणाने पहिल्या पेशी थांबल्या ते तसंच राहिलं तर नव्याही थांबणार. त्यात आता दारू आहे, म्हणजे नव्या पेशींची अवस्था पहिल्यांपेक्षा वाईटच.

हे सगळं कॉलेजच्या प्रयोगासाठी आणि रीतसर परवानगी घेऊन फळांचा व्हिनेगर करणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि प्रयोग संपल्यावर द्रावणाचं काय करायचं हे विभागप्रमुखांना विचारूनच ठरवा.

खरंच थांबलंय का?

निम्म्या वेळा किण्वन थांबलेलंच नसतं, मोजमाप चुकलेलं असतं. बुडबुडे दिसत नाहीत याचा अर्थ बुचातून वायू गळतोय, एवढाही असू शकतो. बुचाच्या आणि नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बघा. फुगे आले तर पॅराफिन लावून जोड बंद करा आणि तासभर थांबा.

दुसरी फसगत रिफ्रॅक्टोमीटरची. हे यंत्र प्रकाश किती वाकतो यावरून साखर सांगतं, पण दारूही प्रकाश वाकवते. सुरुवातीला 18 ब्रिक्स (म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण 18 ग्रॅम साखर) दाखवणारा रस पूर्ण आंबल्यावरही रिफ्रॅक्टोमीटरवर 6 ते 7 दाखवतो. आकडा 10 वर अडकला म्हणून घाबरून जाणाऱ्यांच्या फ्लास्कमध्ये खरी साखर बरीच कमी असते. किण्वन सुरू झाल्यावर हायड्रोमीटर, म्हणजे तरंगणारा घनतामापक, हाच वापरा. त्याआधी नमुना एका बीकरमधून दुसऱ्यात आठ-दहा वेळा ओतून त्यातला वायू काढा, कारण दांड्याला चिकटलेले बुडबुडे हायड्रोमीटर वर उचलतात आणि घनता जास्त दिसते. शिवाय बहुतेक हायड्रोमीटर 20 अंश सेल्सिअसला प्रमाणित असतात. 35 अंशांच्या नमुन्यात आकडा सुमारे 0.004 ने कमी येतो, तो मिळवायला हवा.

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे तराजू. किण्वनाचं समीकरण पक्कं आहे: 180 ग्रॅम ग्लुकोजपासून 92 ग्रॅम इथेनॉल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. हा वायू फ्लास्कमधून निघून जातो, म्हणून वजनात पडलेली घट थेट हिशोब देते. घटीला 92 ने गुणून 88 ने भागलं की इथेनॉलचे ग्रॅम, आणि 180 ने गुणून 88 ने भागलं की खर्च झालेली साखर. समजा एक लिटरच्या बॅचचं वजन 40 ग्रॅमनी घटलं, तर सुमारे 82 ग्रॅम साखर संपली आणि 42 ग्रॅम, म्हणजे 53 मिलिलिटर इथेनॉल तयार झालं. बाष्पीभवन आणि यीस्टच्या वाढीला लागणारी साखर यांमुळे थोडा फरक पडतो, पण निदानासाठी एवढं पुरेसं आहे. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून वहीत मांडा. लागोपाठ दोन दिवस घट जवळजवळ शून्य आणि हायड्रोमीटर 1.010 च्या वर असेल, तरच किण्वन अडकलं म्हणा.

आत काय चाललेलं असतं

कारणं समजायला एवढं पुरे. साधी साखर, म्हणजे सुक्रोज, यीस्टला थेट पचत नाही. पेशीच्या भिंतीजवळचं इन्व्हर्टेज तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं, मग ते आत जातात. आत ग्लायकोलिसिसमध्ये ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुवेटचे दोन रेणू आणि एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, दोन रेणू मिळतात, आणि त्यात एनएडी हा मदतनीस रेणू खर्ची पडून एनएडीएच होतं. पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटला की ॲसिटाल्डिहाइड उरतं. या पायरीला थायामिन आणि मॅग्नेशियम लागतं. ॲसिटाल्डिहाइडपासून इथेनॉल होताना एनएडी परत मिळतं आणि तेच पुढच्या ग्लुकोजला वापरता येतं. यीस्टच्या दृष्टीने दारू हा एनएडी परत मिळवण्याच्या कामातला टाकाऊ माल आहे. तो बाहेर साचत जातो आणि शेवटी पेशीचंच आवरण सैल करतो. उष्णतेनेही तेच आवरण सैल होतं, म्हणून उष्णता आणि दारू एकत्र आली की दोघींचा घात वेगवेगळ्या घातांच्या बेरजेपेक्षा मोठा असतो. पहिल्या दिवशी 38 अंश सहन करणारं यीस्ट तिसऱ्या दिवशी त्याच 38 अंशांना का मान टाकतं, याचं उत्तर इथे आहे.

तापमान: नागपुरातलं पहिलं संशयित

सॅकरोमायसिस सेरेव्हिसिईला, म्हणजे आपल्या नेहमीच्या यीस्टला, 28 ते 32 अंश मानवतं. 35 च्या पुढे ते वेगाने काम करतं आणि वेगाने मरतं. 40 च्या आसपास किण्वन जवळपास बंद पडतं.

बहुतेक विभागांत फ्लास्क ‘इनक्युबेटरमध्ये 30 अंशांना’ ठेवलेले असतात, असं जर्नलमध्ये लिहिलेलं असतं. साध्या बॅक्टेरिऑलॉजिकल इनक्युबेटरमध्ये फक्त हीटर असतो, तो खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. मार्चच्या शेवटी दुपारी खोली 36 ला असेल तर 30 वर सेट केलेला इनक्युबेटरही 36 च्या वरच असतो. एप्रिल-मे आणि पुढे नवतपा लागल्यावर तर विचारूच नका. नॉब 30 वर असतो, हीटरचा दिवा बंद असतो आणि सगळ्यांना वाटतं की यंत्र नीट चाललंय. दिवा सतत बंद राहणं हीच खूण आहे की यंत्राचा ताबा सुटलाय. उन्हाळ्यात थंड करणारा, कॉम्प्रेसरवाला बीओडी इनक्युबेटरच हवा. तो असेल तरी आत 250 मिलिलिटर पाण्याच्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवून ठेवा आणि त्याचंच वाचन नोंदवा. दारावरचा आकडा हवेचा असतो, द्रावणाचा नसतो. कमाल-किमान थर्मामीटर मिळाला तर उत्तम, कारण शनिवारी रात्री लाइट गेली होती का, हे सोमवारी तोच सांगतो.

बीओडी इनक्युबेटर नसेल तर कोरडा उन्हाळा आपल्याच कामी येतो. पसरट टबात चार-पाच इंच पाणी घ्या, त्यात फ्लास्क किंवा कॅन उभा करा, भोवती पोत्याचं बारदान असं गुंडाळा की खालचं टोक पाण्यात बुडेल, आणि समोर टेबलफॅन लावा. दार-खिडकीतून हवा खेळती हवी, बंद खोलीत याचा उपयोग नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत अशी बॅच 28 ते 30 पर्यंत उतरते. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की कूलरसारखीच ही युक्तीही निकामी होते. तेव्हा टबात दिवसातून दोनदा बर्फ टाका, पण एकदम नाही. तापमान तासाला दोन-तीन अंशांपेक्षा जास्त पडलं तर यीस्ट धक्क्याने तळाशी बसतं.

आणखी एक गोष्ट मोठ्या कॅनवाल्यांसाठी. किण्वनात स्वतःची उष्णता निघते. 250 मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ती जाणवत नाही, पण 20 लिटरच्या कॅनमध्ये जोरात किण्वन चालू असताना आतलं तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी वर जाऊ शकतं. खोली 32 आणि कॅनच्या मधोमध 37, असं सहज होतं.

डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रश्न. आंबिया बहाराच्या रसाची बॅच रात्री 10-12 अंशांच्या खोलीत पडली की यीस्ट मरत नाही, झोपतं. साधा इनक्युबेटर तेव्हा मात्र अगदी योग्य. 28 वर ठेवा, हलक्या हाताने फ्लास्क फिरवून तळ उठवा, दिवसभरात काम सुरू होतं.

साल, तेल आणि बाटलीतला रस

संत्र्याच्या सालीत तेल असतं आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीन असतो. लिमोनीन यीस्टचा शत्रू आहे. लिटरमागे अर्धा मिलिलिटर तेलही किण्वन मंदावायला पुरतं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हाताने सहज निघते, म्हणून इथे अर्धं फळ सालीसकट प्रेसमध्ये दाबायचं काही कारण नाही. साल काढा, हात धुवा, मग फोडी हाताळा. पांढऱ्या धाग्यांचा थरही जमेल तेवढा काढा. त्यात पेक्टिन असतं आणि पेक्टिनच्या विघटनातून मिथेनॉल सुटतं. साखरेपासून यीस्ट मिथेनॉल बनवत नाही, ते येतं ते इथूनच.

रस आधीच सालीसकट काढला असेल आणि पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग दिसत असेल, तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वरचा थर पळीने काढून टाका, मग उघड्या पातेल्यात ढवळत दहा मिनिटं उकळा. बरंचसं तेल वाफेबरोबर जातं. मात्र उकळल्याने रसातला प्राणवायूही जातो आणि यीस्टला सुरुवातीला तो लागतो. पेशीच्या आवरणासाठी लागणारं एर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं प्राणवायूशिवाय बनत नाहीत. ती कमी असली की पुढे दारू वाढल्यावर आवरण टिकत नाही. म्हणून रस 30 अंशांवर आल्यावर निर्जंतुक फ्लास्कमध्ये दोन मिनिटं जोरात हलवा आणि मगच यीस्ट घाला. हे फक्त सुरुवातीला. किण्वन अर्ध्यावर आल्यावर हवा मिसळली तर ॲसिटोबॅक्टरचं, म्हणजे दारूचा व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचं, फावतं.

बाजारातलं स्क्वॅश किंवा बाटलीबंद रस घेणाऱ्यांनी आधी लेबल वाचावं. सोडियम बेंझोएट असेल तर तो रस या कामाचा नाही. संत्र्याच्या रसाचा पीएच साधारण 3.6 असतो आणि त्या पीएचला बेंझोइक आम्लाचा ऐंशी टक्के भाग अविघटित असतो. तोच पेशीत शिरून यीस्टला थांबवतो. उकळून, गाळून, पाणी घालून ते जात नाही. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अर्थात केएमएस असेल तर थोडी आशा असते. रस उघडा ठेवून ढवळला की सल्फर डायऑक्साइड बराच उडतो. स्वतः केएमएस घालत असाल तर लिटरला 0.1 ग्रॅम पुरे, आणि यीस्ट 24 तासांनी. साखरेऐवजी गूळ वापरणाऱ्यांनी पिवळाधमक गूळ टाळावा. तो उजळवायला वापरलेल्या हायड्रोसचे सल्फाइट त्यात उरलेले असू शकतात. गडद गूळ घ्या.

यीस्टचं पाकीट जिवंत आहे का?

दुकानाच्या फळीवर दोन महिने उन्हाळा काढलेलं कोरडं यीस्ट छापील तारखेच्या आतही मेलेलं असू शकतं. शंभर मिलिलिटर पाणी 38 अंशांवर आणा, 5 ग्रॅम साखर विरघळवा, 2 ग्रॅम यीस्ट वर भुरभुरा. दहा ते पंधरा मिनिटांत दाट फेस आला नाही तर पाकीट टाका. सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर मिथिलीन ब्लू लावून न्यूबावर चेंबरमध्ये, म्हणजे पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेवर, मोजा. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत पेशी रंगहीन. निळ्यांचं प्रमाण चौथ्या भागाहून जास्त असेल तर त्या पाकिटावर विसंबू नका.

प्रमाण लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमनेही मिलिलिटरमागे पन्नास लाख ते एक कोटी पेशी पडतात. कोरडं यीस्ट सरळ रसात टाकू नये. आधी त्याच्या दहापट, 35 ते 40 अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं फुगू द्या, मग थोडा थोडा रस घालत त्याचं तापमान रसाच्या जवळ आणा. दोन्हींत दहा अंशांहून जास्त फरक नको. पाणी नळाचं असेल तर उकळून गार केलेलं घ्या, म्हणजे क्लोरीन जातं.

साखर आणि नत्र

कळमन्याच्या संत्र्याचा रस साधारण 10 ते 11 ब्रिक्स भरतो. लिटरला सुमारे 90 ग्रॅम साखर घातली की 18 होतो. बेकरीचं यीस्ट वापरत असाल तर तिथेच थांबा. 25 ब्रिक्सला पेशीतलं पाणीच बाहेर ओढलं जातं, आणि त्यातून किण्वन सुरू झालं तरी 10 टक्के दारूच्या आसपास या यीस्टची दमछाक होते.

आता नत्र. संत्र्याच्या रसात अमिनो आम्लं पुष्कळ, पण त्यांतला बराच वाटा प्रोलिनचा असतो आणि प्राणवायू नसताना यीस्टला प्रोलिन वापरता येत नाही. वरून साखर आणि पाणी घातलं की वापरण्याजोगं नत्र आणखी पातळ होतं. किण्वन मंदावताना सडक्या अंड्यासारखा वास आला तर नत्र कमी आहे असं जवळजवळ धरूनच चला. उपाय डायअमोनियम फॉस्फेट (डीएपी), लिटरला एकूण 1 ग्रॅम: अर्धा ग्रॅम फेस चांगला चढल्यावर आणि अर्धा ग्रॅम एक तृतीयांश साखर संपल्यावर. डीएपीमध्ये 21 टक्के नत्र असतं, म्हणजे एका ग्रॅममधून लिटरला सुमारे 210 मिलिग्रॅम मिळतं. प्रयोगशाळेच्या किंवा खाद्य दर्जाचंच घ्या. कृषी केंद्रातल्या गोणीतलं 18:46 खत यात घालायचं नाही, त्यात जड धातूंची अशुद्धता असते. युरियाही नको, इथेनॉलबरोबर त्याचं इथाइल कार्बामेट होतं आणि ते घातक आहे.

डीएपीतलं फॉस्फेटही कामाचं आहे. आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी 1906 मध्ये दाखवलं की यीस्टच्या अर्कातलं मंदावलेलं किण्वन फॉस्फेट घातल्यावर पुन्हा उसळतं. ग्लायकोलिसिसमध्ये साखरेला फॉस्फेट जोडलं जातं, हे त्यातूनच पुढे आलं. पण किण्वनाच्या अखेरीस, दारू 8-9 टक्क्यांवर गेल्यावर डीएपी ओतून उपयोग नाही. तेव्हा यीस्टला अमोनियम आत घेता येत नाही आणि ते पुढे जिवाणूंच्या तोंडी पडतं.

अडकलेली बॅच पुन्हा सुरू करणं

कारण सापडलं आणि दूर केलं, मगच हे करा. प्रमाण एक लिटरसाठी.

1. द्रावण वरच्यावर दुसऱ्या स्वच्छ फ्लास्कमध्ये ओता, तळाचा मेलेला गाळ मागे ठेवा. तापमान 28 ते 30 वर आणा.

2. उकळून 38 अंशांवर आणलेल्या 50 मिलिलिटर पाण्यात चिमूटभर साखर आणि 1 ग्रॅम ताजं, तपासलेलं यीस्ट. पंधरा मिनिटं न ढवळता ठेवा, मग ढवळा.

3. त्यात 50 मिलिलिटर अडकलेलं द्रावण, 50 मिलिलिटर पाणी, 5 ग्रॅम साखर आणि 0.1 ग्रॅम डीएपी. कापसाचा बोळा लावून 30 अंशांना ठेवा, अधूनमधून हलवा. चार ते सहा तासांत फेस यायला हवा.

4. फेस आल्यावर अडकलेलं द्रावण 100 मिलिलिटर घाला, पुन्हा बुडबुडे दिसेपर्यंत थांबा, साधारण तीन-चार तास. मग 200, मग 400, मग उरलेलं. प्रत्येक वेळी जोर दिसल्याशिवाय पुढचा भाग घालू नका.

हा खटाटोप यासाठी की नव्या पेशींना दारूची सवय टप्प्याटप्प्याने लागावी. घाईत चौथी पायरी एका झटक्यात केली तर सकाळी फ्लास्क पुन्हा गप्प सापडतो. बुच घट्ट लावून ठेवू नका, काच फुटते. पाण्याचा सापळा किंवा कापूस ठेवा. मोठे कॅन बंद खोलीत ठेवले असतील तर आत शिरण्याआधी दार-खिडक्या उघडा. कार्बन डायऑक्साइड जड असतो, जमिनीलगत साचतो.

वासावरून टाकून द्यायची बॅच

नेलपॉलिश रिमूव्हरचा वास म्हणजे इथाइल ॲसिटेट. जंगली यीस्ट किंवा ॲसिटिक जिवाणू शिरलेत. वर पांढरी, सुरकुतलेली साय धरली असेल तर हवा लागतेय. साय काढून फ्लास्क गळ्यापर्यंत भरून ठेवला तर कधीकधी वाचतं. द्रावण तारेसारखं चिकट ओघळत असेल तर ल्युकोनोस्टॉक या जिवाणूने साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ केलाय, ते टाका. पीएच 3.2 च्या खाली घसरला पण वजनाची घट नाही, तर लॅक्टिक जिवाणू साखर खाताहेत. तिथे यीस्ट वाढवून काही होत नाही. भांडी उकळा, बुचं आणि रबरी नळ्या बदला, आणि नवा रस घेऊन नव्याने सुरुवात करा. व्हिनेगरचा वास आला आणि व्हिनेगरच करायचा असेल, तरी साखर संपेपर्यंत हवा बंदच ठेवा. ॲसिटिक आम्ल लिटरला चार-पाच ग्रॅमच्या पुढे गेलं की यीस्ट तिथेच थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते.